बर्फाच्या डोंगरासाठी रजा

हरिदास थंडी सांभाळतो. एकवीस वर्षं झाली. आधी दोह्याच्या जुन्या बंदरात, मग हमद पोर्टला. जहाजातून उतरलेले फ्रिजवाले कंटेनर यार्डात रांगेनं उभे असतात. तिथे त्यांना सगळे डबेच म्हणतात. एका डब्यात ब्राझीलची कोंबडी, उणे अठरा अंश. शेजारच्या डब्यात केळी, अधिक तेरा. बाहेर पंचेचाळीस. आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवायचं, हे हरिदासचं काम.

माणूस धाराशिव जिल्ह्यातला, कळंबजवळच्या एका गावचा. गावात कुणी विचारलं, तुझा नवरा तिकडे करतो काय, की कोमल सांगते, "वाळवंटात गारवा राखायला आहेत." विचारणारा मग पावसापाण्याचं बोलू लागतो.

दर दुसऱ्या शुक्रवारी हरिदास दोह्याजवळच्या मुऐदरला येतो. तिथे एका पुणेकर कुटुंबाच्या घरी मराठी पुस्तकांचं कपाट आहे. कपाटाची किल्ली ईश्वरीकडे असते. ती तेवीस वर्षांची. पुण्याला मराठी साहित्यात एम.ए. केलं, आईवडिलांकडे परत आली आणि नोकरी शोधता शोधता ग्रंथपाल झाली. कपाटाचे सभासद अकरा. नियमित एकच.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी हरिदासनं पुस्तक परत केलं आणि दुसरं घेतलं नाही. खुर्चीच्या टोकावर बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली.

"ताई, समुद्रातला बर्फाचा डोंगर बघायला कुठला महिना चांगला?"

ईश्वरी वहीत तारीख लिहीत होती. ती अर्धीच राहिली.

"हिमनग?"

"तेच."

"काका, तुम्हाला बघायचाय?"

"मग काय विकत घ्यायचाय? बघायचाच. पण किनाऱ्यावर उभं राहून. बोटीबिटीत नको. मला बोट लागती."

एकवीस वर्षं बंदरात काढलेल्या माणसाला बोट लागते, ही बातमी ईश्वरीला तेव्हाच कळली. ती पचायच्या आत त्यानं फोन पुढे केला.

एका जहाजावरच्या खलाशानं त्याला दिलेला तो व्हिडिओ होता. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड नावाचं बेट. त्यावरचं छोटं गाव. लाल-पिवळी लाकडी घरं. एक बाई अंगणात दोरीवर कपडे वाळत घालते आहे. आणि तिच्या मागे, समुद्रात, चर्चच्या मनोऱ्याहून उंच असा पांढरा डोंगर उभा. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. बाई एकदाही मागे वळत नाही.

"बघा ताई. पाठीशी एवढं धूड उभं आणि ही चिमटे लावायलीय. असं गाव बघितलं पाहिजे का नको?"

ईश्वरीनं तो तीनदा पाहिला. मग महिना ठरवायला घेतला. वेळ लागला नाही. बर्फ म्हणजे थंडी. थंडी म्हणजे जानेवारी. शिवाय ईश्वरी लहानपणापासून कतारमध्ये वाढलेली. इथे जे काही बघण्यासारखं, ते डिसेंबर-जानेवारीत. वाळूतले तंबू तेव्हा, समुद्रावरच्या सहली तेव्हा, मराठी मंडळाची नाटकं तेव्हा. बाकीचे महिने माणूस एका एसीतून दुसऱ्या एसीत पळत असतो. हरिदासचंही तसंच. तो दरवर्षी जानेवारीतच गावी जातो, हुरड्याला. एका महिन्यात एकालाच रजा मिळते, आणि यार्डात सगळ्यांना ठाऊक आहे, जानेवारी हरिदासचा.

"जानेवारी," ईश्वरी म्हणाली.

"मला पण तसंच वाटलं," हरिदास म्हणाला.

दोन शहाण्या माणसांचं एका मिनिटात एकमत झालं. तिथेच सावध व्हायला हवं होतं.

ईश्वरीनं त्याचा व्हिसाचा अर्ज भरला. प्रवासाचा हेतू या रकान्यापुढे ती बराच वेळ थांबली. मग खरंच लिहिलं. नकार येणार याची तिला खात्री होती. तसं तिनं आडून आडून सुचवलंही. हरिदास "इन्शाल्ला" म्हणाला आणि ड्यूटीवर गेला. सहा आठवड्यांनी व्हिसा आला. तोही काही वर्षांचा. ईश्वरीनं तो तीनदा वाचला. हरिदासनं एकदाच, उभ्या उभ्या.

जानेवारीच्या रजेवर सुपरवायझर रहमानभाईनं लगेच सही केली. बारा दिवस डोंगर, मग कळंब. सगळं ठरलं.

मग हरिदासनं तो व्हिडिओ कोमलला पाठवला. तिचा फोन पाच मिनिटांत आला.

"आवं, कवा चाललाव म्हणलं?"

"जानेवारीत."

"जानेवारीत तिथं कपडे वाळतेत व्हय?"

हरिदासनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आन त्या बाईच्या बाह्या बघा की. कोपरापस्तोर हायेत. मी आपल्या हितं जानेवारीत स्वेटर घालून फिरते. ती बर्फाच्या गावात बाह्या वर करून कपडे घालायलीय. तो उन्हाळा हाय उन्हाळा!"

"डोंगर बघितलास का तू?"

"बघितला. मोठा हाय. पण चादर बघा, कशी फडफडायलीय. थंडीत अशी फडफडत न्हाय. पापडावानी ताठ होती."

फोन ठेवून हरिदास यार्डात गेला. एका डब्याच्या मशीनचं झाकण उघडं होतं. आत नळ्यांवर बर्फाचा थर धरला होता. हे तो रोज पाहतो. थंडी चालू आहे तोवर हा थर हलत नाही. दर काही तासांनी मशीन आपण होऊन थोडी ऊब सोडतं. डीफ्रॉस्ट म्हणतात त्याला. ऊब लागली की बर्फ जागचा सुटतो. ढपकन खाली येतो. हरिदासच्या डोळ्यांसमोर तो आला. ढपकन.

हरिदासनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. डोंगर थंडीत येत नाहीत. थंडीत ते वर उत्तरेला अडकून असतात. ऊब लागली की सुटतात आणि खाली वाहत येतात. एकवीस वर्षं हेच तर बघत होता.

त्यानं ईश्वरीला फोन केला. तिनं शोधलं. एप्रिलच्या शेवटाला सुरुवात. चांगला काळ मे आणि जून. जुलैत विरळ. जानेवारीचा उल्लेखच नव्हता.

"काका, सॉरी."

"तुमचं काय चुकलं? मी तर बर्फाचाच माणूस."

"काकूंना कसं कळलं?"

"तिनं डोंगराकडं बघितलंच नाही ना."

आता प्रश्न जूनचा होता. आणि जून सोपा नव्हता.

उन्हाळ्यात डबे आजारी पडतात. मशीन तापतात, बंद पडतात. जूनपासून दुपारी उघड्यावर काम करायला मनाई, म्हणजे उरलेल्या वेळेत दुप्पट धावपळ. म्हणून मे ते ऑगस्ट, नऊ टेक्निशियनमधला फक्त एकच माणूस रजेवर जाऊ शकतो. कोण, ते कंपनी ठरवत नाही. तुमच्यात ठरवा आणि एक नाव द्या, एवढंच सांगते. पूर्वी यावरून भांडणं व्हायची. एका वर्षी एकमेकांवर लोखंडी पाने उचलण्यापर्यंत मजल गेली. तेव्हा हरिदासनं बैठक सुरू केली. तिलाही चौदा वर्षं झाली.

बैठक नोव्हेंबरात, जेवणाच्या खोलीत. नियम तीन. ज्याला उन्हाळा हवा त्यानं उभं राहून कारण सांगायचं, हातात कागदी कपातला करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा. चहा संपेपर्यंतच बोलायचं. कारण खरं पाहिजे. खोटं निघालं तर तीन वर्षं नाव बाद. आणि ज्याच्याकडे वर्षातली दुसरी रजा मंजूर आहे, त्यानं ती आधी परत करायची. मग हात वर होतात.

चौदा वर्षं हरिदास टेबलाच्या टोकाशी बसून कारणं ऐकत आला. बाळंतपणं, ऑपरेशनं, मुलांचे कॉलेजप्रवेश, घराची वास्तुशांत. स्वतः त्यानं कधी उन्हाळा मागितला नव्हता. आता मागायचा तर जानेवारी सोडायला हवा. आणि बैठकीत हरला तर ना डोंगर, ना कळंब. पुढच्या जानेवारीपर्यंत कोमलचं तोंड फोनवरच.

त्यानं तिला हे सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"सोडा जानेवारी," कोमल म्हणाली.

"आन हरलो तर?"

"तर हुरडा मी एकटी खाते. तुमच्या वाट्याचा पण."

"मस्करी नको."

"मस्करी न्हाय. एकवीस वरसात तुम्ही पहिल्यांदा कायतरी मागायलाव. मागून तर बघा."

ईश्वरीला मात्र काळजी लागली. चूक तिची होती, असं तिचं अजून मत होतं. तिनं आधी सुचवलं, "काका, घरात कुणाचं तरी लग्न आहे म्हणून सांगा ना."

"बैठक कुणी काढली ताई? खोटं चालत नाही हा नियम कुणाचा?"

मग तिनं त्याच्यासाठी भाषण लिहिलं. दोन पानं. निसर्गाचं विराट रूप होतं, माणसाचं क्षुद्रत्व होतं, अथांग निळाई दोनदा होती. हरिदासनं ते शांतपणे वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं.

"झकास आहे. पण ह्याला चहाची किटली लागंल."

बैठकीच्या दिवशी नऊजण बसले, रहमानभाई धरून. भाषा हिंदी, म्हणजे ज्याची त्याची हिंदी. हरिदासनं सगळ्यांसमोर जानेवारीचा कागद रहमानभाईला परत दिला. खोलीत कुजबुज झाली. रहमानभाई चितगावचा. कमी बोलणारा. त्यानं कागदाकडे पाहिलं, मग हरिदासकडे. "घरी सगळं ठीक?"

"ठीक."

पहिला उठला रमीज. दापोलीचा, तिशीतला, हसरा. "बहिणीचा निकाह. जूनचा दुसरा आठवडा. वडील नाहीत, मीच मोठा." चहाचे दोन घोट घेतले आणि उरलेला कप घेऊन बसला. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाकी कुणी उठलंच नाही. अशा कारणापुढे कोण उठणार?

हरिदास उठला. त्याचं सगळं आत ठरून गेलं होतं. निकाहापुढे डोंगर कसा ठेवायचा?

"माझं काही नाही," तो म्हणाला. "रमीजला द्या. खलास."

"बसू नको," रहमानभाई म्हणाला.

हरिदास तसाच राहिला.

"चौदा वर्षं आमची कारणं ऐकलीस. माझ्या मूळव्याधीचंसुद्धा ऐकलंस, सगळ्यांसमोर. जानेवारी परत केलास तो उगाच नाही. कारण सांग."

"मोठं नाहीये."

"सांग."

हरिदासनं कपाकडे पाहिलं. खिशातल्या दोन पानांना हात लावला आणि हात काढून घेतला.

"बर्फाचा डोंगर बघायचाय," तो म्हणाला.

रमीजच्या नाकातून चहा आला. एकजण टेबलावर डोकं टेकून हसू लागला. कुणीतरी ओरडलं, "यार्डात बाराशे डबे आहेत भाई! कुठलाही उघड!" दुसरा म्हणाला, "मी आत्ता बादलीभर आणून देतो, वर रजाही नको!" रहमानभाई हसत नव्हता. पण त्याची दाढी हलत होती.

हरिदासचे कान तापले. आता माघार नव्हती.

"हसा," तो म्हणाला. "पण ऐका. बाराशे डबे आहेत, खरंय. त्यातला एकेक कण आपण धरून ठेवलाय. आपण अर्धा तास विसरलो तर पाणी. एकवीस वर्षं मी बर्फाच्या मागं धावतोय, तो माझ्यामुळं उभा आहे. मला एकदा असला बर्फ बघायचाय, ज्याला माझी गरज नाही."

हसणं थांबलं. एकदम नाही. खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यातून एकेक थांबलं.

मग प्रश्न सुरू झाले. सगळे टेक्निशियनच ते.

"समुद्रात? मिठाच्या पाण्यात टिकतो?"

"टिकतो."

"उन्हात?"

"उन्हात. महिनोन्‌महिने."

"वजन किती?"

"लाखो टन असतात काही. आणि दिसतो तो थोडाच. बाकीचा पाण्याखाली."

"तुला दिसेलच कशावरून?" हा रमीज होता. आता तो हसत नव्हता.

हरिदास थांबला. हो म्हणून टाकणं सोपं होतं. "सांगता येत नाही. काही वर्षी पुष्कळ येतात, काही वर्षी थोडे. वारा फिरला तर दुसरीकडंच जातात. जाऊन बघायचं."

"आणि जानेवारीत?"

"जानेवारीत एकही नसतो."

रमीजनं फोन काढला. "थांबा," म्हणाला आणि घरी लावला. आईनं उचलला. त्यानं तारखेचं नुसतं नाव काढलं तर पलीकडून जो भडिमार झाला, तो खोलीभर ऐकू आला. मग कुणीतरी आईच्या हातून फोन घेतला. रमीजची बहीण, रुकैया. जिचा निकाह, ती. रमीजनं स्पीकर लावला.

"भाई, काय झालं?"

त्यानं सांगितलं. एकाला जूनमध्ये बर्फ बघायला जायचंय, तुझी तारीख हलवता येईल का, असं विचारतोय, रागावू नको.

"रागावू कशाला? जूनमध्ये दापोलीत काय असतं, ठाऊक आहे ना? चिखल. नवरी गुडघाभर चिखलातून चालणार. मी पहिल्या दिवसापासून जानेवारी म्हणत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"अम्मी म्हणाली, भाईला जानेवारी मिळत नाही. तिथे कुणी हरिदासभाई आहेत, जानेवारी त्यांचाच असतो दरवर्षी."

आठ माणसांनी सावकाश माना वळवल्या आणि हरिदासकडे पाहिलं.

चौदा वर्षं न्याय करणारा माणूस हातात कप धरून उभा होता. त्याला कुठे बघावं ते कळेना.

"बर्फ बघायला कोण चाललंय?" रुकैयानं विचारलं.

"तेच. जानेवारीवाले."

"मग जाऊ दे त्यांना बाबा! ताबडतोब जाऊ दे!"

हात मोजायची गरज पडली नाही. रहमानभाईनं जानेवारीच्या कागदावरचं नाव खोडून रमीजचं लिहिलं आणि नवा कागद हरिदासपुढे सरकवला. हरिदासनं सही केली. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "भाई, तुमचा चहा भरलेलाच आहे. अजून बोलू शकता." हरिदासनं तो एका दमात संपवला.

"मिळाली," त्यानं कोमलला सांगितलं.

"मिळणारच. आता गरम कपडे घ्या. त्या बाईच्या भरवशावर ऱ्हाऊ नका. ती तिथली हाय."

जूनच्या पहिल्या आठवड्यात हरिदास त्या बेटावर उतरला. गाव व्हिडिओतलं नव्हतं, पण शेजारचंच. ज्या घरात उतरला त्या घरची सत्तर वर्षांची मालकीण त्याला 'माय लव्ह' म्हणायची. ती सगळ्यांनाच तसं म्हणायची, टपालवाल्यालासुद्धा. तरी हे त्यानं कोमलला सांगितलं नाही. ईश्वरीला सांगितलं.

पहिले तीन दिवस धुकं. समोरचा समुद्रही दिसेना. तो सकाळी किनाऱ्यावर जायचा, पांढऱ्या भिंतीकडे बघत उभा राहायचा आणि जेवायला परत यायचा. म्हातारीनं दुसऱ्या दिवशी त्याला नवऱ्याचा जुना कोट दिला. तो त्याच्या घोट्यापर्यंत आला.

चौथ्या दिवशी न्याहारीच्या वेळेला धुकं उठलं. हरिदासच्या हातात पाव होता. खिडकीतून डोंगर दिसला. पांढरा नव्हता. पांढऱ्याच्या आत निळा होता, आणि खाली पाण्याशी हिरवट. हरिदास पाव हातात घेऊनच बाहेर पडला. खडकांवरून उतरत पाण्याच्या काठाशी गेला. तिथे बसला. दुपार झाली. म्हातारी येऊन डोक्यावर टोपी घालून गेली, ते त्याला नंतर आठवलं.

डोंगराचे लहान लहान तुकडे लाटांबरोबर काठाला लागत होते. त्यानं एक उचलला. नारळाएवढा, काचेसारखा. हातात धरल्यावर त्यातून आवाज येऊ लागला. त्यानं तो कानाशी नेला.

सूं. चट. सूं.

हा आवाज हरिदास झोपेतही ओळखतो. यार्डात तो ऐकला की माणूस हातातला घास टाकून धावतो. नळी कुठे फुटली, वायू कुठून सुटतो, शोधायचं, बंद करायचं. त्याचा उजवा हात सवयीनं कमरेच्या पान्याकडे गेला. तिथे पाना नव्हता. म्हातारीच्या नवऱ्याच्या कोटाचा खिसा होता.

त्यानं ईश्वरीला फोन लावला. मुऐदरला संध्याकाळ होती.

"काका! दिसला?"

"ताई, गळती आहे," हरिदास म्हणाला.

"काय?"

"बर्फात हवा कोंडलेली असती. हजारो वर्षांपूर्वीची, म्हातारी सांगत होती. ती सुटायलीय. ऐका."

त्यानं तुकडा फोनला लावला. ईश्वरीनं ऐकलं. 'अथांग' तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं. एम.ए.ला तिला पासष्ट टक्के होते.

"मग आता काय करताय?" तिनं शेवटी विचारलं.

"काही नाही," हरिदास म्हणाला. तो हसत असावा. "गळू दे की."